धातूचं नाक आणि कार्बनची तार : विषारी वायू ओळखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास



आजचा विषय नावावरून अवघड वाटेल. धातूचे कण जडवलेल्या कार्बन नॅनोट्यूब आणि त्यांच्यापासून बनवलेले वायूचे संवेदक, म्हणजे गॅस सेन्सर, यांच्याबद्दल आपण बोलणार आहोत. पण त्यामागचा प्रश्न जुना आहे आणि अगदी साधा आहे. हवेत विष आहे, हे माणसाला कळावं कसं?

कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. मिथेनचंही तेच. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास आहे खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की तो आपली वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. म्हणजे धोका सर्वांत मोठा असतो, नेमकं तेव्हाच नाक सांगायचं थांबतं. त्यामुळे फार मोठ्या काळापर्यंत माणसाने एकच उपाय केला. कुणाचा तरी देह पुढे करायचा आणि त्याचं काय होतं ते बघायचं. आजचा इतिहास हा त्या देहाच्या जागी एखादी निर्जीव वस्तू ठेवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

त्यात एक पेच आहे, तो सुरुवातीलाच सांगून ठेवतो. काहीतरी आलं आहे याची चाहूल लागणं ही एक गोष्ट, आणि कोण आलं आहे हे ओळखता येणं ही दुसरी. दाराशी पाऊल वाजलं तर कुत्रं भुंकतं, पण पोस्टमन की चोर हे त्याच्या भुंकण्यावरून कळेलच असं नाही. नॅनोट्यूबने चाहूल फार बारीक केली. धातू या कथेत येतात ते ओळखीसाठी.

खाणीतले दिवे आणि पक्षी

सुरुवात इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींपासून करू. २५ मे १८१२ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या फेलिंग इथल्या खाणीत मिथेनचा स्फोट झाला आणि ९२ माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती. या घटनेनंतर सुरक्षित दिव्याचा शोध जोरात सुरू झाला आणि १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने आपला प्रसिद्ध दिवा तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. ज्वालेची उष्णता जाळी शोषून घेते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. शिवाय हवेत मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी चढल्यासारखी दिसायची. म्हणजे दिवा हा दिवाही होता आणि सूचकही होता.

पण पुढे काय झालं बघा. दिवा आला म्हटल्यावर, धोकादायक म्हणून सोडून दिलेले कोळशाचे थरही मालकांनी खणायला घेतले. दिवा आल्यानंतरही खाणींतले स्फोट थांबले नाहीत. उपकरण चांगलं असणं आणि माणूस सुरक्षित असणं यांच्यात अंतर असतं, हे या पहिल्या पायरीवरच दिसतं. ते शेवटी आपल्याला पुन्हा लागणार आहे.

याच दिव्यावर काम करताना डेव्हीला आणखी एक गोष्ट दिसली. तिचा बोलबाला कमी झाला, पण आपल्या विषयाची खरी सुरुवात तिथे आहे. १८१७ मध्ये त्याने नोंदवलं की प्लॅटिनमची गरम तार कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली, तर ज्वाला न लागताच ती लालबुंद होऊन चमकत राहते. धातू स्वतः जळत नव्हता. त्याच्या पृष्ठभागावर वायू आणि ऑक्सिजन एकत्र येत होते आणि त्या क्रियेची उष्णता तारेत उतरत होती. आज आपण याला उत्प्रेरण म्हणतो. १८२३ मध्ये जर्मनीत डोबेरायनरने प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजन सोडून तो काडीशिवाय पेटवून दाखवला. १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहमने दाखवलं की पॅलॅडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडोपट हायड्रोजन पोटात घेतं. प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम, सोनं ही नावं लक्षात असू द्या. काही धातूंची काही वायूंशी जुनी सलगी आहे, एवढं एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं.

पण खाणीत त्याचा उपयोग व्हायला शंभर-दीडशे वर्षं जायची होती. १८९६ च्या जानेवारीत वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने मृतदेहांची तपासणी केली. बहुतेक माणसं स्फोटाच्या धक्क्याने गेली नव्हती. स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेली होती. मग हॉल्डेनने सुचवलं की खाणीत उतरताना उंदीर किंवा छोटे पक्षी सोबत न्यावेत. लहान प्राण्याचा श्वास आणि चयापचय जलद, त्यामुळे विषाचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या कितीतरी आधी दिसतो. कॅनरी पक्षी दांडीवरून कोसळला की माणसांनी मागे फिरायचं. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी पूर्णपणे निवृत्त व्हायला १९८६ साल उजाडलं. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आला, त्यानंतरही सतरा वर्षं वायू ओळखायचं काम एका पिवळ्या पक्ष्याकडेच होतं.

तापलेला मणी

पक्ष्याची जागा घेणारी पहिली टिकाऊ वस्तू म्हणजे पेलिस्टर. १९६० च्या आसपास ब्रिटनमधल्या खाणसुरक्षा संशोधन संस्थेत ॲलन बेकर यांनी ती तयार केली. प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी, तिच्याभोवती ॲल्युमिनाचा छोटा मणी आणि मण्यावर पॅलॅडियमसारखा उत्प्रेरक. मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवायचा. मिथेन आला की तो मण्यावर जळतो, मणी आणखी तापतो, तारेचा विद्युतरोध वाढतो. डेव्हीची १८१७ ची तारच ही, फक्त आता तिला मीटर जोडला होता.

त्याच काळात जपानमध्ये दुसरी वाट निघाली. तिथे घराघरात सिलिंडरचा गॅस पोचला होता आणि गळतीमुळे स्फोट होत होते. १९६२ मध्ये क्यूशू विद्यापीठातल्या तेत्सुरो सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराची वीजवाहकता वायूमुळे बदलते हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी टिन डायऑक्साइडवर आधारलेल्या संवेदकाचं पेटंट मागितलं. गरम ऑक्साइडच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि त्यांतले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. ज्वलनशील वायू आला की तो हा ऑक्सिजन खाऊन टाकतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध उतरतो आणि भोंगा वाजतो. इथेही पॅलॅडियमची चिमूट टाकली की काम कमी तापमानात आणि जास्त जोमाने व्हायचं.

तिसरी पायरी स्वीडनची. १९७५ मध्ये इंगेमार लुंडस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रान्झिस्टरच्या तोंडाशीच पॅलॅडियमचा थर बसवला. पॅलॅडियम हायड्रोजनच्या रेणूचे दोन अणू सुटे करतं, ते अणू थर ओलांडून आत जातात आणि ट्रान्झिस्टरचा विजेचा व्यवहार बदलतो. धातूने ओळखायचं आणि शेजारच्या अर्धवाहकाने बातमी पोचवायची, ही कामाची वाटणी इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. आमच्या मते नॅनोट्यूबच्या संवेदकाचा खरा पूर्वज हाच.

या तिन्ही साधनांची अडचण मात्र एकच होती. ती गरम ठेवावी लागत. गरम ठेवायचं म्हणजे वीज जाणार, आणि वीज खाणारी वस्तू लहान बॅटरीवर महिनोन्महिने चालत नाही.

कार्बनची सुरळी

आता कार्बनकडे येऊ. नॅनोट्यूब कुणी शोधली, असं विचारलं की उत्तर येतं, सुमिओ इजिमा, जपान, १९९१. हे अर्धं खरं आहे. १९५२ मध्येच राडुशकेविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत संशोधकांनी कार्बनच्या पोकळ नळ्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रं प्रसिद्ध केली होती, पण ती रशियन नियतकालिकात, शीतयुद्धाच्या काळात. १९७६ मध्ये ओबर्लिन, एंडो आणि कोयामा यांनीही अशा नळ्या दाखवल्या. इजिमांच्या १९९१ च्या लेखाने जगाचं लक्ष गेलं आणि १९९३ मध्ये एकाच भिंतीच्या नळ्या हाती आल्या.

ही नळी म्हणजे काय? कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी असलेला, एकाच अणूच्या जाडीचा कागद घ्या आणि त्याची सुरळी करा. व्यास साधारण एक नॅनोमीटर. केसाची जाडी याच्या कित्येक हजारपट. सुरळी कोणत्या कोनात वळली यावर ती धातूसारखी वागणार की अर्धवाहकासारखी हे ठरतं. सर्वसाधारण मिश्रणात सुमारे एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या आणि उरलेल्या अर्धवाहक. आपल्या कामाच्या त्या अर्धवाहक.

महत्त्वाची गोष्ट अशी की या नळीला पृष्ठभागाखाली काही नाहीच. तांब्याच्या तारेवर वायूचा रेणू बसला तर आतल्या कोट्यवधी अणूंना पत्ताही लागत नाही. इथे प्रत्येक अणू बाहेरच्या हवेला लागून बसलेला. अंगणात राहणाऱ्या माणसासारखा, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला शिवून जाणार.

२००० च्या जानेवारीत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या होंगजी दाई यांच्या गटाने, जिंग काँग पहिल्या लेखिका असलेला, एक लेख प्रसिद्ध केला. एका अर्धवाहक नळीवर दहा लाखांत २०० भाग नायट्रोजन डायऑक्साइड सोडला आणि काही सेकंदांत तिची वीजवाहकता सुमारे हजारपट वाढली. अमोनिया सोडला तर उलट, ती सुमारे शंभरपट उतरली. आणि हे सगळं नेहमीच्या खोलीच्या तापमानाला. कारण समजायला सोपं आहे. नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे या नळीतले धनभारवाहक वाढतात. अमोनिया इलेक्ट्रॉन देऊ करतो, ते कमी होतात.

पण त्याच लेखात अडचणीही नोंदल्या होत्या. नायट्रोजन डायऑक्साइड एकदा नळीला चिकटला की सहज सुटत नव्हता. नळी मूळपदावर यायला बारा-बारा तास लागत, किंवा ती २०० अंशांना तासभर तापवावी लागे. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्कलीतल्या ॲलेक्स झेटल यांच्या गटाने दाखवलं की साध्या ऑक्सिजननेसुद्धा नळीचे विद्युत गुणधर्म खूप बदलतात. परिणाम नळीवर होतो की नळी आणि धातूची तार जिथे जोडली आहे त्या सांध्यावर, हा वादही पुढे बराच चालला. थोडक्यात, नळीला स्पर्श सगळ्यांचा कळतो, पण कुणाचा ते सांगता येत नाही. आणि ज्या कार्बन मोनॉक्साइडने खाणीत माणसं मारली, त्याच्याकडे तर कोरी नळी जवळजवळ ढुंकूनही बघत नाही, कारण तो तिच्याशी इलेक्ट्रॉनांची फारशी देवघेवच करत नाही.

जडवणं आणि मढवणं

म्हणून २००१ मध्ये त्याच स्टॅनफर्डच्या गटाने पॅलॅडियम हाती घेतलं. निर्वातात धातूची वाफ करून नळ्यांवर सुमारे अर्धा नॅनोमीटर एवढाच थर बसवला. एवढ्या थोड्या धातूचा सलग पापुद्रा बनत नाही, त्याचे सुटे कण राहतात.

इथे मराठीत दोन चांगली क्रियापदं आहेत, ती वापरू. मढवणं आणि जडवणं. मूर्ती सोन्याने मढवली की मूळ दगड झाकला जातो. खडा अंगठीत जडवला की खडाही दिसतो आणि अंगठीही. नळी धातूने मढवली तर वीज सरळ धातूतूनच जाईल आणि नळी नुसती आधाराला उरेल. कण जडवले तर मात्र वीज नळीतूनच जाते आणि प्रत्येक कण तिच्या वाटेवर चौकीसारखा बसतो. सगळी युक्ती या फरकात आहे.

हायड्रोजनचा रेणू पॅलॅडियमच्या कणावर आला की फुटतो, अणू धातूत विरघळतात. त्यामुळे धातूची इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याची ओढ कमी होते, काही इलेक्ट्रॉन नळीत उतरतात आणि नळीची वाहकता घटते. वायू गेला की हवेतला ऑक्सिजन उरलेल्या हायड्रोजनचं पाणी करून टाकतो आणि कण पुन्हा मोकळा होतो. या संवेदकाने हवेतला दहा लाखांत ४ ते ४०० भाग हायड्रोजन पाच-दहा सेकंदांत टिपला, आणि तो पूर्ववत व्हायला सात मिनिटांच्या आसपास वेळ लागला. तोही न तापवता. ग्रॅहमचं १८६६ चं निरीक्षण आणि लुंडस्ट्रॉमची १९७५ ची वाटणी इथे एका नळीवर एकत्र आली.

मग वाट रुंद झाली. २००४ मध्ये नासाच्या एम्स केंद्रात पॅलॅडियम असलेल्या नळ्यांनी खोलीच्या तापमानाला मिथेन टिपला. डेव्हीच्या दिव्यातला तोच वायू. २००६ मध्ये अलेक्झांडर स्टार आणि नॅनोमिक्स कंपनीतल्या सहकाऱ्यांनी तब्बल १८ धातू तपासले आणि हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड या चार वायूंना ते कसे प्रतिसाद देतात ते पाहिलं. मग पॅलॅडियम, प्लॅटिनम, रोडियम आणि सोनं हे एकाच चिपवर शेजारी शेजारी बसवले. इटलीत ब्रिंडिसीला मिकेले पेन्झा यांच्या गटाने प्लॅटिनम आणि सोन्याच्या कणांनी नायट्रोजन डायऑक्साइडला मिळणारा प्रतिसाद वाढवला. २०१० मध्ये एदुआर्द योबेत आणि त्यांच्या बेल्जियममधल्या सहकाऱ्यांनी धातू जडवलेल्या नळ्यांनी बेंझिनसारखा कर्करोगकारक वायूही अगदी अल्प प्रमाणात टिपून दाखवला.

यातला चिपवर चार धातू शेजारी बसवण्याचा विचार नीट समजून घेऊ. कोणताही धातू एकाच वायूशी एकनिष्ठ नसतो. पॅलॅडियमला हायड्रोजन फार आवडतो, पण इतरही थोडेफार चालतात. मग एका साक्षीदारावर विसंबण्याऐवजी चार साक्षीदार उभे करायचे. प्रत्येकाची साक्ष थोडी वेगळी, त्या जुळवून वायू ठरवायचा. ही कल्पना मुळात १९८२ ची, ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठात कृष्ण परसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी मांडलेल्या कृत्रिम नाकाची. आपलं स्वतःचं नाकही असंच काम करतं. प्रत्येक वासासाठी वेगळी पेशी नसते, अनेक पेशींच्या उत्तरांचा नमुना मेंदू वाचतो.

प्रयोगशाळेतली हवा आणि रस्त्यावरची हवा

इतकं सगळं झालं, तर मग चौकाचौकात हे संवेदक का नाहीत? इथे थोडी आकडेमोड करू.

भारताच्या २००९ च्या मानकांनुसार हवेत नायट्रोजन डायऑक्साइडची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे अब्जात सुमारे ४२ भाग. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली २४ तासांची पातळी २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात सुमारे १३ भाग. स्टॅनफर्डच्या त्या पहिल्या प्रयोगात दहा लाखांत २०० भाग होते. आपल्या मर्यादेच्या जवळजवळ पावणेपाच हजार पट! पुढच्या संवेदकांनी हे अंतर खूप कापलं, पण एक अडचण उरलीच. प्रयोगशाळेत कोरड्या हवेत एक वायू सोडतात. रस्त्यावर धूर असतो, ओझोन असतो, आणि मुख्य म्हणजे बाष्प असतं. अब्जात ४० भाग वायू शोधायचा आणि त्याच हवेत पाण्याची वाफ त्याच्या लाखोपट. पावसाळ्यात नळीवर पाणी बसतं, तिचा रोध बदलतो आणि संवेदक वायू नसतानाही बोलतो. ओझोनही नायट्रोजन डायऑक्साइडसारखाच इलेक्ट्रॉन ओढतो, तेव्हा दोघांत गल्लत होते. गंधकाची संयुगं पॅलॅडियमच्या कणांना हळूहळू निकामी करतात. म्हणजे ज्याला ओळखायला ठेवलं, त्याच्यापैकीच काही जण पहारेकऱ्याला आजारी पाडतात.

म्हणून सरकारी केंद्रांवर आजही नायट्रोजन डायऑक्साइड वेगळ्या पद्धतीने मोजतात. आधी त्याचं नायट्रिक ऑक्साइड करायचं, त्यावर ओझोन सोडायचा आणि त्या क्रियेत निघणारा क्षीण प्रकाश मोजायचा. यंत्र कपाटाच्या आकाराचं, खोली वातानुकूलित, आणि ठरावीक काळाने माहीत असलेला वायू सोडून यंत्र तपासणारं माणूस हवं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभी केलेली 'सफर' प्रणाली दिल्लीत २०१० मध्ये सुरू झाली आणि पुढे पुणे-मुंबईतही आली, तीही अशाच केंद्रांच्या बळावर. ही केंद्रं विश्वासार्ह, पण महागडी, म्हणून मोजकी. आणि माणसं राहतात ती केंद्रांपासून दूर, सिग्नलपाशी, गटाराच्या कडेला, कारखान्याच्या भिंतीला लागून.

हे अंतर किती महागात पडतं? १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं. सल्फर डायऑक्साइड मोजला जात होता, पण द्रावणातून दिवसभर हवा ओढून, एका दिवसाची एक सरासरी. तेव्हाचा अंदाज सुमारे ४००० मृत्यूंचा होता, पुढच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. आणि भोपाळ. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटची गळती कळायची ती कामगारांचे डोळे चुरचुरायला लागले की. त्या रात्रीही ती तशीच कळली. ब्रिटनच्या खाणींत अजून कॅनरी पक्षी होते, तेव्हाची ही गोष्ट. भोपाळमध्ये पक्ष्याच्या जागी माणसांचे डोळे होते, आणि भिंतीपलीकडच्या वस्तीला तर तेवढीही आगाऊ सूचना नव्हती.

म्हणूनच हे संशोधन महत्त्वाचं. न तापवता चालणारा, नखाएवढ्या चिपवर मावणारा, थोड्या विजेवर महिनोन्महिने जागा राहणारा संवेदक आला, तर मोजणी केंद्रातून वस्तीत येऊ शकते. पण डेव्हीच्या दिव्याची गोष्ट विसरायची नाही. दिवा आला म्हणून धोकादायक थर खणले गेले. उद्या कारखान्याच्या कुंपणावर स्वस्त संवेदक लागले आणि त्यांनी 'सगळं ठीक' असं चुकीचं सांगितलं, तर ते नसण्यापेक्षा वाईट. खोटी खात्री ही अज्ञानापेक्षा घातक असते, कारण अज्ञानी माणूस निदान सावध असतो.

तेव्हा यापुढे एखाद्या छोट्या यंत्रावर हवेचा आकडा दिसला, तर तीन प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ. हा आकडा नेमक्या कोणत्या वायूचा? दमट हवेत आणि ओझोन असताना तो तपासला आहे का? आणि प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून तो शेवटचा कधी पडताळला? या तिन्हींची उत्तरं जो देईल, त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी एका तापलेल्या तारेवर दिसलेली चमक आज एका अणूच्या जाडीच्या सुरळीवर येऊन पोचली आहे. चाहूल लागते आहे. ओळख पक्की करायचं काम अजून चालू आहे, आणि ते जितकं प्रयोगशाळेचं, तितकंच आकडा मागणाऱ्या नागरिकांचंही आहे. आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.